बोटीवर पहिल्यांदा येणाऱ्यासाठी

यंदा पहिल्यांदाच पूरपथकात येतोयस, म्हणून सांगतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, ४३ ची धोका पातळी जवळ आली, की फोन खणखणायला लागतात. कुणाचा मामा अडकलाय, कुणाची म्हैस. थेट पळू नकोस. आधी जिल्हा नियंत्रण कक्षात नोंद, मग नेमून दिलेलं ठिकाण, आणि तिथला एकच प्रमुख. गावपुढारी कितीही ओरडू देत, ऐकायचं प्रमुखाचंच. एकाच्या हाताखाली पाचेक माणसं बरी; सातच्या वर गेली की गट फोडायचा.

बोट सुटताना वहीत लिही: कुठली बोट, कोण कोण, कुठे, किती वाजता. परतली की खूण. कंटाळवाणं काम आहे खरं, पण कोण परतलं नाही हे रात्री त्या वहीवरूनच कळतं.

२०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली. पाणी चढताना लोक ऐकत नाहीत, पोरांना वरून बोटीत फेकतात. म्हणून मोजायला वेगळा माणूस ठेवायचा, इंजिनवाल्यावर ते टाकायचं नाही. लाइफ जॅकेट संपली की चढवणं बंद.

आणि वायरलेसवर गप्पा नकोत. जेवण आलं का, हे विचारायला मोबाईल आहे.