आफ्रिकन वॅक्स प्रिंटचा ड्रेस घरी शिवायचा आहे, कापड कापण्याआधी काय बघावं?

आधी कापड धुऊन घ्या. वॅक्स प्रिंट, म्हणजे मोठ्या ठळक नक्षीचं छापील कापड (यालाच अंकारा म्हणतात), बहुतेकदा सुती असतं आणि खळीमुळे कडक लागतं. पहिल्या धुण्यात खळ निघते, आटायचं तेवढं आटतं. थंड पाणी, वेगळी बादली, सावलीत वाळवण.

खरा वेळ बेतण्याला द्या. नक्षी मोठी असते, म्हणून कापड दुहेरी न घालता एकेरी पसरा आणि पुढच्या भागाचा कागद त्यावर सरकवत बघा. मोठं वर्तुळ नेमकं छातीवर आलं तर फार खटकतं. ते घेरात न्या. पक्षी असतील तर सगळे तुकडे एकाच दिशेने कापा, नाहीतर पाठीवरचे पक्षी उलटे येतील. अस्सल वॅक्स प्रिंटचा रंग दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच दिसतो, तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला खडूने खूण कराच. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होण्याचं कारण बहुधा हेच असतं.

कापड ताणत नाही. फिटिंगचा ड्रेस असेल तर टक्स आणि चेन लागणारच. सुई १४ नंबरची चालेल. कंबरेला चुण्यांपेक्षा प्लेट्स घाला, माझ्या मते या कापडावर त्याच शोभतात, चुण्या फुगतात. किनारीवरची छापील अक्षरं शिलाईच्या आत जाऊ द्या.