व्याज द्या, मुद्दल ठेवा

ताई, तुमच्या पत्राचा सारांश असा: दारव्हा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून ५८व्या वर्षी नुकत्याच निवृत्त झालात. पेन्शन महिना ३८ हजार, ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनचे मिळून २२ लाख हातात आलेत. यजमानांचं सहा एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर. मुंबईत टाकून दिलेली मुलं सांभाळणाऱ्या एका संस्थेला ५ लाख एकरकमी द्यायचे मनात आहे, आणि पुतण्या म्हणतो, आयकराच्या कलम ८०जीत अर्धे परत मिळतात.

पुतण्याचं आधी निकालात काढू. ८०जीत अर्धी देणगी करपात्र उत्पन्नातून वजा होते, खिशात परत येत नाही. तीही जुन्या करप्रणालीत, आणि उत्पन्नाच्या साधारण १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी हिशेबात धरतात. तुमची पेन्शन आणि व्याज मिळून वर्षाला साडेसहा लाखांच्या आत बसेल. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत तुम्हाला करच नाही. म्हणजे ५ लाख दिले काय अन् ५ हजार, वाचणार शून्य. द्यायचं तर द्यायचं म्हणून द्या.

तुम्ही पाठवलेला संस्थेचा व्हॉट्सॲप मेसेज मात्र मला खटकला. चार वर्षांच्या मुलीचा फोटो, नाव, कुठल्या स्टेशनवर सापडली तेसुद्धा. अशा मुलाची ओळख उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने बंदी आहे. देणगीसाठी पोरीचा चेहरा गावोगाव फिरवणारे तिला आत कसं सांभाळत असतील, याची मला शंका येते. मुलं मुक्कामी ठेवत असतील तर याच कायद्याखालचा नोंदणी दाखला मागा. मुलं बालकल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीच्या, आदेशाने येतात का, तेही विचारा. उत्तर टाळलं तर सोडून द्या. मुंबईत पर्याय कमी नाहीत. डोंगरी-मानखुर्दची बालगृहं चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ची आहे, रस्त्यावरच्या मुलांसाठी स्नेहसदन १९६२पासून आहे. प्रश्न मात्र त्यांनाही विचारायचे.

आणखी एक विचारा: अठरा पूर्ण झाल्यावर मूल कुठे जातं? हा प्रश्न किती अवघड आहे, ते टाकून दिलेल्या अपंग मुलांना अठरानंतरही सांभाळणाऱ्या, परतवाड्याजवळच्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांमुळे आपल्या भागात तरी नव्याने सांगायला नको. खाऊ-कपड्यांना देणारे पुष्कळ भेटतात. आयटीआयची फी, खोलीचं भाडं याला कुणी सहसा देत नाही. तुमचा पैसा मी तिथे लावला असता.

आता रक्कम. बोंडअळीने कपाशी खाल्लेलं २०१७ तुम्ही पाहिलंय, तसं साल पुन्हा आलं तर घर तुमच्या पेन्शनवर चालणार. ३ लाख बँकेत मुदत ठेवीत, लगेच मोडता येतील असे ठेवा. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज घाईने फेडू नका, पण मुदत चुकवू नका. ३ लाखांपर्यंत वेळेत भरलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज लागत नाही. उरलेले १९ लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. साठी झाली नसली तरी निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत तुम्हाला खातं उघडता येतं, म्हणून उशीर नको.

यातलं ५ लाखांचं खातं वेगळं काढा. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १०,२५० रुपये येतील, वर्षाचे ४१ हजार. ते द्या. पाच वर्षांत दोन लाखांवर देणगी होते, आणि संस्था बिघडली तर पुढचा चेक थांबवता येतो. दिलेले ५ लाख थांबवता येत नाहीत. घरात दुखणं निघालं तर दोन वर्षांनंतर मुद्दलातला १ टक्का कापून खातं बंद करता येतं.

पैसे ट्रस्टच्या नावाच्या खात्यातच, कुणाच्या मोबाइल नंबरवर नाही. खात्याला यजमानांचं नाव नॉमिनी म्हणून घाला. तुमच्या मागे ५ लाख मुलांनाच जावेत असं वाटत असेल तर तसं मृत्युपत्रात लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि घरच्यांना आजच सांगून ठेवा.