काल्पनिक धर्मातला लयाला गेलेला धर्मयोद्ध्यांचा संघ कथेत पुन्हा कसा उभा करावा?

आधी संघ बुडाला कशाने ते ठरवा. पुढची सगळी भांडणं त्यातूनच निघतात. टेम्पलर हा युरोपातला ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा संघ पोपने 1312 मध्ये बरखास्त केला आणि त्याची मालमत्ता मुख्यतः हॉस्पिटलर या तशाच दुसऱ्या संघाकडे वळवली. पोर्तुगालच्या राजाने मात्र 1319 मध्ये पोपची मान्यता मिळवून तिथले किल्ले आणि जमिनी 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या नव्या संघाला दिल्या. पाटी बदलली, गढ्या त्याच. कथेसाठी ही युक्ती फार कामाची.

मग पैसा. घोडा, चिलखत, नोकर धरून एक योद्धा पोसायला बऱ्याच शेतकऱ्यांचा सारा लागतो, आणि संघाच्या जुन्या जमिनी एव्हाना दुसऱ्याच्या ताब्यात असतात. तो तुमचा पहिला विरोधक. त्याला खलनायक करू नका. त्याच्याकडे रीतसर सनद आहे एवढं पुरे.

बहुतेक जण घसरतात ते दीक्षेवर. शेवटचा दीक्षित मेला असेल तर नव्यांना दीक्षा देणार कोण? संघाच्या रुग्णालयात शपथ घेतलेली एखादी म्हातारी सेविका जिवंत ठेवा. तिची शपथ ग्राह्य धरायची का, यावर धर्मपीठात दोन तट पडू द्या. देवाने थेट कौल दिला तर वादच संपतो, म्हणून कौल मोघम हवा.