आयर्लंडहून १८५० च्या सुमारास अमेरिकेत गेलेल्या पूर्वजांचं मूळ गाव चर्चच्या जुन्या नोंदींतून कसं शोधावं?
शोध आयर्लंडपासून नाही, अमेरिकेपासून सुरू करा. नुसतं ‘काउंटी कॉर्क’ म्हणजे जिल्ह्याचं नाव एवढ्यावर भागत नाही, पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारा भाग, कळायलाच हवं. ते अमेरिकेतल्या चर्चमधली लग्नाची नोंद, थडग्यावरचा दगड किंवा वर्तमानपत्रातली निधनवार्ता यांत सापडू शकतं.

पॅरिश कळलं की नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडच्या संकेतस्थळावर साधारण १८८० पर्यंतच्या कॅथलिक नोंदवह्यांची पानं फुकट बघा. वह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात. तिथे जेम्स ‘जेकोबस’ असतो, विल्यम ‘गुलिएल्मस’. अक्षर लावायला वेळ लागतो, पण घाई करू नका.

खरा ऐवज बाप्तिस्म्याच्या नोंदीत आहे. एकाच पॅरिशमध्ये चार-पाच जॉन मर्फी निघतात, तेव्हा आईचं माहेरचं आडनाव बघा आणि धर्ममाता-धर्मपित्याची नावं जरूर उतरवून घ्या. ते पुष्कळदा मामा, आत्या असे घरचेच असतात. तीच नावं भावंडांच्या नोंदींत पुन्हा आली, तर कुटुंब बरोबर सापडलं असं समजायला हरकत नाही.

पूर्वज कॅथलिक नसून चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चचे असतील तर काम अवघड आहे, कारण त्यांच्या कितीतरी वह्या १९२२ मध्ये डब्लिनच्या आगीत जळाल्या.