वर कळवलंस, आता पोराकडे परत जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

फोनवर मी तुझ्यावर ओरडलो. त्याबद्दल माफी मागणार नाही. तिथे पेनसिल्व्हेनियात शनिवारच्या मराठी शाळेत तुझ्याकडे खो-खो शिकायला येणारा तो नऊ वर्षांचा मुलगा तुला काही बोलला, तू ते संचालकांना सांगितलंस आणि दोन आठवडे गप्प राहिलास. मी ओरडल्यावर त्याच रात्री तू चाइल्डलाइनला, म्हणजे मुलांवरच्या अत्याचाराची तक्रार घेणाऱ्या तिथल्या सरकारी फोनसेवेला, फोन केलास, चांगलं केलंस. पण दुसऱ्या दिवशी तुझी मेल आली: "सर, आता माझं काम झालं ना?" सोबत पेन स्टेट विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियममधला फोटो, अंगात '४०९' लिहिलेला निळा टी-शर्ट, आणि वर हा प्रश्न: इथले लोक म्हणतात, विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्यावर अन्याय झाला, त्यांनी वरिष्ठांना कळवलं होतं, मग त्यांचं चुकलं कुठे? शेवटी तू लिहिलंस, "त्यांची गोष्ट तर तुम्हीच आम्हाला सांगायचात."

सांगायचो. पावसानं सराव बुडाला की व्हरांड्यात बसवून सांगायचो. ब्रुकलिनचा मुलगा, ब्राउन विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकलेला, १९५० मध्ये साहाय्यक म्हणून पेन स्टेटला आला आणि तिथलाच झाला. १९६६ पासून मुख्य प्रशिक्षक. खेळाडू वर्गात नापास होत असेल तर त्याच्या खेळाचं कौतुक नाही म्हणणारा. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी स्वतः लाखो डॉलर देणारा फुटबॉलचा प्रशिक्षक! आमच्या गावात क्रीडाशिक्षकाला 'शिट्टीमास्तर' म्हणायचे. मला तो माणूस का हवाहवासा वाटला असेल, हे तुला कळेल. ती गोष्ट खोटी नव्हती आणि ती सांगितल्याची मला लाज वाटत नाही. पण २०११ नंतर मी ती सांगणं बंद केलं आणि का बंद केलं ते तुम्हाला सांगितलं नाही. तो भाग आज लिहितो.

जेरी सँडस्की म्हणजे त्यांच्या बचावफळीचा प्रमुख, जवळपास तीस वर्षांचा सहकारी. अडचणीतल्या मुलांसाठी त्यानं १९७७ मध्ये 'सेकंड माइल' नावाची संस्था काढली आणि तिथूनच त्याला लैंगिक अत्याचारासाठी मुलं मिळत गेली. १९९८ मध्ये एका आईनं तक्रार केली, विद्यापीठाच्या पोलिसांनी चौकशी केली, खटला झाला नाही. १९९९ मध्ये तो निवृत्त झाला, पण संघाच्या इमारतीच्या किल्ल्या त्याच्याकडेच राहिल्या. मग ९ फेब्रुवारी २००१, शुक्रवारची रात्र. माइक मॅक्वेरी नावाचा २६ वर्षांचा साहाय्यक, म्हणजे जवळजवळ तुझ्याच वयाचा, संघाच्या इमारतीतल्या शॉवरमध्ये सँडस्कीला एका लहान मुलाबरोबर बघतो. वडिलांना फोन करतो. सकाळी पॅटर्नोंच्या घरी जाऊन सांगतो. पॅटर्नो क्रीडासंचालकांना कळवतात.

पुढे त्यांनी ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांसमोर, शपथेवर सांगितलं की आपण ते लगेच कळवलं नाही, कारण वरिष्ठांच्या शनिवार-रविवारच्या सुट्टीत आपल्याला व्यत्यय आणायचा नव्हता. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवलं. माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर साहेबांची सुट्टी होती आणि पोर नव्हतं, एवढंच. आणि एवढंच फार भयंकर आहे.

तू म्हणशील, कायदा. बरोबर आहे. पेनसिल्व्हेनियाच्या तेव्हाच्या कायद्यानुसार संस्थेतल्या माणसानं प्रमुखाला सांगितलं की पुढचं काम प्रमुखाचं. सरकारी वकिलांनी पॅटर्नोंवर कुठलाही आरोप ठेवला नाही. विद्यापीठानं चौकशीला नेमलेल्या लुई फ्री यांचा अहवाल पॅटर्नोंना मान खाली घालायला लावणारा होता, पण पॅटर्नोंच्या कुटुंबानं २०१३ मध्ये तो खोडणारा अहवाल काढला आणि वाद अजून चालू आहे. त्या वादात मी पडत नाही. १९९८ चं त्यांना किती माहीत होतं, २००१ मध्ये क्रीडासंचालकांशी त्यांचं नक्की काय बोलणं झालं, ते सगळं बाजूला ठेव. त्यांनी स्वतः कबूल केलेलं तेवढंच धर. तेवढ्यावरही माझा प्रश्न उभा राहतोच: त्या पोराचं पुढे काय झालं, हे त्यांनी कुणाला विचारलं? २००१ मध्ये एकानंही विचारलं नाही. तो मुलगा कोण, कुठे राहतो, हे शोधायचा प्रयत्न कुणी केला नाही. सँडस्कीला सांगितलं गेलं की यापुढे मुलांना इथे आणू नकोस. म्हणजे इथे नको. बाकी जगात काय ते तुझं तू बघ!

तो आणखी दहा वर्षं मोकळा होता. २०१२ मध्ये ज्या ४५ आरोपांवर तो दोषी ठरला, त्यातले काही २००१ नंतरचे आहेत. त्या फेब्रुवारीत एका म्हाताऱ्या, वजनदार माणसानं दर आठ दिवसांनी एकच प्रश्न विचारला असता, तर काही मुलं वाचली असती. असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

वजनदार हा शब्द मी मुद्दाम वापरला. २००० मध्ये त्याच इमारतीच्या एका सफाई कामगारानं असंच काही बघितलं होतं. तो आणि त्याचे सोबती बोलले नाहीत, नोकरी जाईल म्हणून. त्यांचं मला समजतं. पण ज्याच्या एका शब्दावर अख्खं गाव हलतं, त्यानं "मी वर कळवलं" म्हणायचं? त्याच्या वर होतं कोण? कागदावर साहेब होते. खरंतर ते साहेब त्याच्याच तोंडाकडे बघत होते.

तरीही मी त्यांना शिव्या देऊ शकत नाही. कारण माझंही ऐक.

१९९४. नोकरीचं दुसरं वर्ष, अजून कायम झालो नव्हतो. शाळेला लागून वसतिगृह होतं. आठवीतला एक पोरगा, उत्तम पळणारा, सरावाला येईनासा झाला. कवायतीच्या तासाला बाजूला घेऊन विचारलं तर खाली बघत रेक्टरबद्दल दोन-तीन वाक्यं बोलला. मी ऐकलं. त्याच दुपारी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "मी बघतो, तुम्ही मैदान सांभाळा." मी केबिनमधून बाहेर आलो आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला आजही आठवतं, खांद्यावरचं पोतं उतरवल्यासारखं. जिल्हास्तरीय स्पर्धा तोंडावर होत्या. रेक्टर तिथेच राहिला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो पोरगा परत आला नाही, दाखला काढून नेला म्हणे. त्याचं गाव एसटीनं तासाभरावर होतं.

मी गप्प बसलो नव्हतो, हे मात्र लिहून ठेवतो. इतरांनी डोळे मिटले, मी सांगितलं. तेव्हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा नव्हता, तो १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. मुलांच्या मदतीचा १०९८ हा फोन नंबर तेव्हा सुरूच झाला नव्हता. पोलिसात गेलो असतो तर माझी नोकरी गेली असती, आणि पोराचं बोलणं कुणी खरं मानलं असतं? हे सगळं मी तीस वर्षं स्वतःला सांगत आलो आहे आणि यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. पण पॅटर्नोसुद्धा गप्प बसले नव्हते. आणि एसटीचं तिकीट काढायला कुठला कायदा लागत होता?

म्हणून तुझं "झालं ना?" वाचून माझं डोकं फिरलं. तिथला कायदा २०१४ मध्ये बदलला, आता तुला थेट चाइल्डलाइनलाच कळवावं लागतं. आपल्याकडेही पोक्सोत संस्थेच्या प्रमुखाला सांगून सुटता येत नाही, पोलिसांना कळवावं लागतं. दोन्हीकडच्या सरकारांना एवढं कळलं. पण "पोराकडे परत जा" असं कलम कुणी लिहू शकत नाही. ते तुझं तुला करायचं आहे. वर कळवलंस, आता पोराकडे परत जा.

परत जाऊन काय करायचं, तेही सांगतो, नाहीतर उत्साहाच्या भरात भलतं करशील. त्याला खोदून विचारू नकोस. काय घडलं हे काढून घेणं तपासणाऱ्यांचं काम आहे, तुझ्या प्रश्नांनी त्यांचं काम बिघडेल. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस, कारण ते तू आधीच मोडलं आहेस आणि मोडलंस हेच योग्य. इतर पालकांमध्ये चर्चा करू नकोस. त्याचा पाठलागाचा नंबर कायम ठेव. तो आला नाही तर 'आजारी असेल' म्हणून पुढे जाऊ नकोस, हजेरीवर खूण कर आणि संचालकांना विचार. ते "बघतोय" म्हणाले तर कधीपर्यंत, कोण, ते विचार. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचार. त्यांना तुझा वैताग येऊ दे. काही नवं कळलं तर चाइल्डलाइनला पुन्हा फोन कर. एकदा केला म्हणून दुसऱ्यांदा करायला बंदी नाही.

आणि तो टी-शर्ट. फेकून दे असं मी म्हणणार नाही, पैसे तुझे. एनसीएएनं, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, या प्रकरणावरून २०१२ मध्ये पॅटर्नोंचे १११ विजय पुसले आणि २०१५ मध्ये परत दिले, म्हणून त्यांच्या एकूण विजयांचा आकडा पुन्हा ४०९ झाला. लोक त्या आकड्यासाठी जीव तोडून भांडले. ९ नोव्हेंबर २०११ च्या रात्री पॅटर्नोंना नोकरीवरून काढलं तेव्हा विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून वार्ताहरांची गाडी उलटवली. त्याच दिवशी सकाळी ते स्वतः म्हणाले होते की मागे वळून बघताना वाटतं, मी आणखी काही करायला हवं होतं. अडीच महिन्यांत ते गेले. ते वाक्य मला ४०९ पेक्षा मोठं वाटतं. तुझ्या मित्रांना वाद घालायचाच असेल, तर त्या वाक्यावर घाला म्हणावं.

माझ्या त्या पोराचं नाव शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये असेल. तो आता पंचेचाळिशीत असावा. त्याच्या दारात अचानक जाऊन उभं राहण्याचा हक्क मला आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही. त्यानं विचारलं की इतकी वर्षं कुठे होतात, तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

तुझ्याकडे अजून वेळ आहे. शनिवारी तो मुलगा आला का, ते मला रविवारी कळव. आला नसेल तर का आला नाही, तेही.

तुझा,
सर