जुनं लढाऊ विमान उडवायचंय? आधी कागद, मग पाना

स्पिटफायर किंवा मस्टँगसारखं दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान पुन्हा आकाशात न्यायचं मनावर घेतलंत, फार आनंद झाला. सुरुवातीला एवढं सांभाळा.

आधी कागदपत्रं. विमानाची ओळखपट्टी आणि मालकीचा इतिहास यांचा मेळ लागत नसेल, तर परवान्यापाशी अडकाल. हवाई नियामकाशी काम सुरू करण्यापूर्वीच बोला.

मग गंज. हाच खरा शत्रू, आणि तो रंगाखाली लपतो. स्पिटफायरच्या पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाला आतून पेलणारी लांब तुळई, एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्यांचा असतो. बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून खाल्लेला असू शकतो. ॲल्युमिनियमला पोलाद टेकतं ते सांधे आणि मॅग्नेशियमचे भाग बारकाईने तपासा. शंका आली की तो भाग उडणार नाही, इतकं सरळ ठेवा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- सांगाडा तयार नसताना मर्लिनवर, म्हणजे या विमानांच्या इंजिनावर, पैसा ओततात. पडून राहिलेलं इंजिन आतून गंजतं.
- फोटो न काढता, चिठ्ठ्या न लावता सगळं उकलतात.
- जुनी उपकरणं उघडतात. दुसऱ्या महायुद्धातल्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर बहुधा रेडियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो. काच फुटली असेल तर हातही लावू नका.

आणि रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे, मारायला आधी भंगार पत्र्यावर, जाणत्या माणसाच्या हाताखाली शिका. हात बसला की पुढचं विचारा, मी आहेच.