उद्याच्या बातम्या ऐकवणारा रेडिओ

दादर, मुंबई

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पटकथा मी दोनदा वाचली. पहिल्यांदा मनमुराद हसत वाचली आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. १९४२ च्या गिरगावातला रेडिओ दुरुस्त करणारा तरुण, त्याला सापडलेला उद्याच्या बातम्या आजच ऐकवणारा संच, मागावर असलेले गुप्त पोलीस आणि भिंतीला कान लावून बसलेले चाळीतले शेजारी, एवढ्या ऐवजावर चांगला मराठी चित्रपट उभा राहू शकतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु चाळिसाव्या पानावर तू नायकाला अदृश्य होण्याचे औषध दिलेस आणि साठाव्या पानावर यंत्रमानव आणलास, तिथे माझे हसू थांबले. ते का थांबले, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हेरकथेला गुपित लागते आणि विनोदाला ते गुपित फुटण्याची धास्ती लागते. विज्ञानकल्पनेने या दोघांना एक कडक नियम पुरवायचा असतो. नियम एकच असला की प्रेक्षक तो पाठ करून टाकतो, आणि पात्राच्या आधी त्यालाच संकट दिसू लागते. अशा चित्रपटातले खरे हसू त्या आधी दिसण्यातून येते. नायक अडचणीत सापडताच लेखकाने खिशातून नवे यंत्र काढून दिले, तर प्रेक्षकाची ती जागा हिरावली जाते. एच. जी. वेल्स यांनी १८९७ साली अदृश्य माणसाची कादंबरी लिहिली, तेव्हा चमत्कार एकच ठेवला आणि त्याच्या अडचणी मात्र हिशेबनीस मांडतो तशा मांडल्या. अंगावर कपडे चालत नाहीत म्हणून थंडी वाजते, खाल्लेले अन्न पचेपर्यंत दिसत राहते, ओल्या पायांचे ठसे उमटतात आणि कुत्र्यांना वास येतो.

तू पाहिलेला युनिव्हर्सल या हॉलिवूड कंपनीचा ‘इन्व्हिजिबल एजंट’ हा १९४२ चा चित्रपट याच धाग्याचा आहे. मूळ अदृश्य शास्त्रज्ञाचा नातू पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर आजोबांचे औषध वापरायला तयार होतो आणि हवाई छत्रीने जर्मनीत उतरताना आकाशातच एकेक कपडा काढून टाकतो. त्यातला जेवणाचा प्रसंग तुला फार आवडतो, हे मला ठाऊक आहे: एक नाझी अधिकारी हेरगिरी करणाऱ्या नायिकेकडे जेवायला आला आहे आणि तिथेच असलेला अदृश्य नायक त्याची ताटे सांडून त्याची फजिती करतो आहे. मलाही तो प्रसंग आवडतो, पण त्याचे मोल मला त्यानंतरच्या घटनेत वाटते. अपमानित झालेला अधिकारी नायिकेला तिच्याच घरात नजरकैदेत टाकतो. म्हणजे खोडी काढली एकाने आणि किंमत मोजली दुसरीने. माझ्या मते चित्रपट त्या किमतीपाशी पुरेसा थांबत नाही. तू थांब. पुढे शत्रू या अदृश्य माणसाला पकडतात ते गळ लावलेल्या जाळ्याने, आणि तिथे नियम चोख पाळला गेला आहे, कारण शरीर दिसत नसले तरी ते रक्तामांसाचेच आहे.

या चित्रपटातली एक गोष्ट मात्र उचलू नकोस. त्यात जपानी अधिकाऱ्याची भूमिका पीटर लॉरे या युरोपीय नटाला दिली आहे. तो स्वतः १९३३ मध्ये नाझींमुळे जर्मनी सोडून गेलेला ज्यू होता आणि पटकथा लिहिणारे कर्ट सिओडमाक हेही तसेच निर्वासित होते. जुलमाची झळ सोसलेल्या माणसांच्या हातूनही शत्रूच्या वंशाचे सोंग निघाले, याचे मला वाईट वाटते. माणसाच्या चेहऱ्यावर किंवा उच्चारावर हसवणे सोपे असते. तुझ्या पटकथेतल्या पठाण चौकीदाराचे संवाद त्याच वाटेने गेले आहेत, ते बदल. आपल्या वगातला सोंगाड्या राजाच्या तोंडावर राजाची चूक बोलून दाखवतो आणि त्याचे नेम नेहमी वरच्या दिशेने असतात, हे तुला मी सांगायला हवे असे नाही.

ट्रिकसीनबद्दल, म्हणजे पडद्यावरच्या चमत्कारदृश्यांबद्दल, थोडक्यात लिहितो. खर्चाची चिंता करू नकोस. १९३७ साली याच शहरात प्रकाश पिक्चर्सच्या ‘ख्वाब की दुनिया’साठी बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्यांनी वस्तू हलवून अदृश्य माणूस उभा केला, आणि ‘काला धागा’ हे टोपणनाव त्यांना कायमचे चिकटले. तुझ्या रेडिओला तर धागासुद्धा लागणार नाही. आवाज पुरेसा आहे.

आता तुझ्या मूळ कल्पनेकडे येतो, कारण तिच्यातले सोने तू अजून खणलेलेच नाहीस. नायकाचा संच उद्याचे घडणारे ऐकवत नाही, तो उद्याचे बातमीपत्र ऐकवतो, आणि युद्धकाळातले बातमीपत्र सेन्सॉरच्या कात्रीखालून गेलेले असते. म्हणजे त्याला उद्याचे सत्य कळत नाही, सरकारला उद्या जेवढे सांगायचे आहे तेवढेच कळते. हा तुझा नियम, आणि हाच तुझा विनोदही. सुरुवातीला नायक आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी चाळ त्या बातम्यांवर विसंबून रोज फसत राहतील. त्याला जोड द्यायला खरा काळ आहेच: रेडिओ संचाला परवाना लागे, आणि आतल्या काचेच्या नळ्या, म्हणजे वॉल्व्ह, तापेपर्यंत संच बोलत नसे, त्यामुळे दारावर पोलिसांची थाप पडलेली असताना ती वाट पाहण्यात केवढा प्रसंग दडला आहे ते पाहा. १९४२ च्याच २७ ऑगस्टपासून बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईत जागा बदलत ४२.३४ मीटर तरंगलांबीवर स्वातंत्र्यलढ्याचा गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते, आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना पकडले. तुझ्या नायकाला एखाद्या रात्री हे केंद्र लागू दे. सेन्सॉरची कात्री नसलेला तेवढाच आवाज त्याला ऐकू येईल, आणि बारा नोव्हेंबरच्या आदल्या रात्री त्या जागी नुसती खरखर ऐकू आली, तर तिचा अर्थ त्याच्याआधी प्रेक्षकाला कळेल.

कथा मात्र १९४२ मध्ये संपवू नकोस. १४ एप्रिल १९४४ पर्यंत ने. त्या दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटले. त्यात कापसाच्या गाठींबरोबर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले आणि शेकडो माणसे मेली. माझी आजी तेव्हा मांडवीला राहत असे. जपान्यांनी बाँब टाकला असे समजून ती दोन मुलांना काखोटीला मारून चौपाटीच्या दिशेने धावत सुटली होती, आणि खरे कारण तिला कित्येक दिवस कोणी सांगितले नाही. सेन्सॉरने बातमी दाबून धरली होती, आणि वार्ताहरांना वृत्तान्त पाठवण्याची मुभा मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र १५ एप्रिललाच ते तपशिलाने सांगितले.

आता तुझा नियम याला लावून बघ. चौदा तारखेच्या सकाळी नायक उद्याचे मुंबईचे बातमीपत्र लावतो आणि त्यात गोदीचे नावही नाही. काटा फिरवताना त्याला सायगाव लागते, आणि शत्रूचे ते केंद्र उद्याचा स्फोटाचा वृत्तान्त सांगते. पण शत्रूचा रेडिओ खोटे बोलतो, हे दोन वर्षे सारी चाळ त्याला बजावत आली आहे, आणि त्याच्या भाकितांवर हसून हसून ती कंटाळली आहे. आधीची ऐंशी पाने तू जे हसू पिकवलेस, तेच हसू आता त्याच्या आड उभे राहते. ऐकलेले कोणाला सांगावे तर शत्रूचे केंद्र ऐकल्याचा संशय येणार, आणि सांगितले तरी कोणी मानणार नाही. यासाठी यंत्रमानव लागत नाही.

तिथून पुढे विनोद थांबव. चार्ली चॅप्लिन यांनी १९६४ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, छळछावण्यांतले खरे भीषण प्रकार ठाऊक असते तर आपण ‘द ग्रेट डिक्टेटर’ हा हिटलरची टर उडवणारा चित्रपट करू शकलो नसतो. तुला तर गोदीत काय झाले ते ठाऊक आहे. आगीत उतरलेले अग्निशमन दलाचे जवान, तिथले हमाल आणि खलाशी यांच्यावर एकही विनोद नको. त्या प्रसंगात नायकालाही बोलका ठेवू नकोस.

पुढच्या खर्ड्यात औषध आणि यंत्रमानव काढून टाक, चौकीदाराचे संवाद नव्याने लिही आणि चौदा एप्रिलची सकाळ पूर्ण लिहून रविवारी घेऊन ये. स्फोटानंतरच्या रात्री, काचा फुटलेल्या खोलीत, तो संच पुन्हा बोलू लागेल तेव्हा निवेदकाचा आवाज रोजच्यासारखाच संथ ठेव, आणि त्याने वाचायचे ते बातमीपत्र तू स्वतः शब्दशः लिहून आण.

तुझा,
सर